नवीन आहात? मग हीलर घ्या

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से आपोआप साठतात. चिपळूण ते लोटे आणि लोटे ते चिपळूण, रोज तीच माणसं आणि त्याच सीटा. त्यात गेल्या वर्षी एक ऑनलाइन गेम सगळ्यांच्या मोबाइलवर आला आणि अर्ध्या बसची डोकी फिरली. माझंही फिरलं, ते मी नाकारत नाही. पण माझा राग गेमवर नाही. माझा राग नवीन माणसाला सल्ला देणाऱ्यांवर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

ज्यांनी हे कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गेममध्ये शिरतानाच ठरवावं लागतं, आपण कोण व्हायचं. वॉरियर तलवार घेऊन पुढे लढतो, आर्चर लांबून बाण मारतो, हीलर बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करतो. नंतर बदलायचं म्हटलं तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे दहावीनंतर साइड निवडण्यासारखंच. शिकणार आपण, ठरवणार शेजारचे काका.

आमच्यातले ते शेजारचे काका म्हणजे मंदार. मेन्टेनन्सला आहे, वय माझ्याहून कमीच. मी लॅबमध्ये. मी गेम घेतल्याचं कळल्यावर तो मागच्या सीटवरून उठून आला. मला काय आवडतं, काय जमतं, एका शब्दानं विचारलं नाही.

"नवीन आहात ना मॅडम? मग हीलर घ्या. एकदम सोपा. मागे उभं राहायचं आणि बटण दाबायचं."

घेतला. पहिल्याच लढाईत कळलं की मरतात सगळे आणि नाव एकाच माणसाचं निघतं. वॉरियर एकटाच पुढे पळाला, मेला, दोष हीलरचा. आर्चर कड्यावरून स्वतःच्या पायांनी खाली पडला, तरी मी बघत काय होते म्हणे. एकदा परशुराम घाटात अख्ख्या बसची रेंज गेली. रेंज परत येईपर्यंत राक्षसानं आम्हा सगळ्यांना लोळवलं होतं. घाट संपल्यावर मंदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, घाट यायच्या आधी हील करून ठेवायचं ना."

* * *

सचिन घाग बॉयलरवर आहे. सहा फूट उंच, दार अडेल असा रुंद. मंदारनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि वॉरियर देऊन टाकला. शरीर बघून! आता सचिनचा स्वभाव बसमधल्या कुणालाही विचारा. सगळे उतरल्याशिवाय हा माणूस सीटवरून उठत नाही.

वॉरियरला पहिलं काम असतं रानडुकरं मारायचं. आम्ही सगळे आपापलं काम संपवून पुढच्या गावात पोहोचलो, सचिनचा पत्ता नाही. मंदार त्याला शोधत मागे गेला, तर हा तलवार म्यान करून एका डुकरिणीच्या मागे मागे चाललेला. काय करतोयस, असं मंदारनं विचारलं.

"हाकलतोय," सचिन म्हणाला. "आमच्या भातात येतात तेव्हा हाकलतोच की. पिल्लं आहेत तिच्याबरोबर."

त्यानं तिला नकाशाच्या कडेपर्यंत नेऊन सोडली. ग्रुपवर दोन दिवस त्याची टिंगल चालली होती. ज्यानं त्याला तलवार दिली त्याची मात्र कुणी केली नाही.

* * *

सचिनचे सासरे, धर्माकाका, हर्णैचे. आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तानच. गुडघे दाखवायला लेकीकडे चिपळूणला आले होते आणि घरी बसून कंटाळले, म्हणून सचिननं त्यांना गेम लावून दिला. मंदारचा सल्ला फोनवरून आला, की काकांना आर्चर द्या. एका जागी उभं राहून खेळता येतं, गुडघ्यांना त्रास नको.

मला सांगा, गेममध्ये धावतं ते चित्र. काकांचे गुडघे सोफ्यावर होते!

काका खेळले मात्र छान. आम्ही सगळे एका बेटावर निघालो होतो, तिथं जायला गेममध्ये शिडाची होडी असते. सगळे चढले, काका किनाऱ्यावरच. मंदार हाका मारून थकला. काकांनी विचारलं, वारा कुठल्या बाजूचा आहे? मंदारनं समजावलं की काका, हा गेम आहे, यात वारा वगैरे काही नसतो.

हेडफोनमधून काकांचा आवाज आला. "वारा नाय तर शीड फुगलाय कशान्? असल्या होडीत मी पाय नाय ठेवायचो."

आणि ते खरंच चढले नाहीत. त्या बेटाला मागून जोडणारी एक पायवाट आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं, कारण काका तिच्यावरून चालत आले. तोवर आम्ही होडीतून उतरून त्यांची वाट बघत बसलो होतो.

* * *

मी हीलर सोडला त्याचं कारण एकच वाक्य. बसमध्ये मी मंदारला विचारलं, की प्रत्येक नवीन बाईला तू हीलरच का देतोस? तो अगदी मनापासून म्हणाला, "लेडीजचा स्वभावच असतो ना मॅडम, काळजी घेण्याचा."

माझा स्वभाव! मी क्वालिटी कंट्रोलला आहे. माल कसोटीला उतरला नाही तर अख्खी बॅच परत पाठवते आणि घरी जाऊन शांत जेवते. त्याच दिवशी मी हीलर डिलीट केला आणि पहिल्यापासून वॉरियर सुरू केला.

मग मंदारनं आमच्या लॅबमधल्या नवीन ट्रेनीला, प्राजक्ताला, गाठलं. तेच वाक्य, सोपा आहे, मागे उभं राहायचं, बटण दाबायचं. ही मुलगी मोजकं बोलणारी. मी तिला सावध करायला गेले, तर म्हणाली, बघू मॅडम.

लढाई सुरू झाली. मंदार मेला, सचिन मेला, मीही मेले. प्राजक्ता एकटी उभी, अंगावर ओरखडा नाही. तिनं पूर्ण वेळ फक्त स्वतःला बरं केलं होतं. मंदार मागच्या सीटवरून ओरडला की हे काय चाललंय.

प्राजक्तानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात सोपा आहे. मला सोपाच वाटला की सर."

* * *

प्राजक्ता स्वतःपुरतीच हीलर, असा ग्रुप हीलरशिवाय राहिला. तेव्हा मंदारनं अंजनवेलला एकट्या राहणाऱ्या आपल्या आईला गेम शिकवला. रोज बोलणं होईल हे त्यानं आम्हाला सांगितलेलं कारण. दिला अर्थातच हीलर.

दोन आठवड्यांनी आम्ही गेममधल्या सगळ्यात मोठ्या ड्रॅगनपुढे उभे होतो. दुपारी शिफ्ट सुटली होती, बस लोट्याहून निघालेली. या ड्रॅगनसाठी मंदारनं महिनाभर तयारी केली होती. ड्रॅगननं पहिली फुंकर मारली आणि आमचा सगळ्यांचा जीव निम्म्यावर आला. आईंचा पत्ता नाही. मंदारनं नकाशावर बघितलं, तर त्या अजून गेम जिथं सुरू होतो त्या पहिल्याच गावाच्या वेशीवर. त्यानं माइक चालू केला आणि घाईघाईनं सांगितलं की आई, सगळं सोड आणि इकडे ये, आम्ही मरतोय.

आईंचा आवाज सगळ्यांच्याच कानात आला, चांगलाच तापलेला.

"मरा. तुम्ही मोठे आहात, पुन्हा उठाल. इथं नवीन पोरं येतात, त्यांना काय ठाऊक नसतं, वेशीबाहेर पाय टाकला की लांडगे धरतात. त्यांना बरं कोण करणार? मी आल्यापासून बघतेय, एक मोठा माणूस इकडं फिरकत नाय. कुणी पाठवलं रे ह्यांना असं एकटं?"