गोळी, गाडी, उडी आणि विटा

कॅसेट हातात आली की काका आधी ती कानाशी धरून हलवायचे. आत काही खुळखुळलं नाही की उलटी करून तिच्यावर फुंकर मारायचे, चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावरचं चित्र बघायचे आणि समोर उभ्या पोराला म्हणायचे, "नमुना ठेवून जा. तपासणीशिवाय माल पुढे जाणार नाही."

हा माल म्हणजे व्हिडिओ गेम. नव्वदीतली गोष्ट आहे. खरवईतली आमची इमारत नवी होती. नळाला पाणी दिवसाआड यायचं, पण टीव्हीला जोडायचा गेम मात्र उल्हासनगरच्या बाजारातून घरोघर पोचला होता. तिथला सिंधी दुकानदार जुनी कॅसेट बदलून द्यायचा आणि वर सांगायचा, "साहब, इससे बच्चे का दिमाग खुलता है." ते ऐकून आम्ही सेट घ्यायचो आणि घरी येईपर्यंत आता पोराचं वाटोळं होणार या काळजीत पडायचो. तुमच्याही घरी यापेक्षा वेगळं काही घडलं नसेल.

अशा वेळी काका धावून आले. जन्मभर ते अंबरनाथला कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. समोर येईल ती वस्तू उचलायची, मोजायची आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आमच्या मजल्यावर राहायला आले, तरी सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी झाली, सोसायटीचा नवा पंप झाला. माझ्या मेहुणीला बघायला आलेला मुलगासुद्धा त्यांनी जिन्यातच तपासला होता. रिजेक्ट म्हणाले होते. लग्न तरीही झालं, आणि काकांचं अगदीच चुकलं होतं असं आता मेहुणीही म्हणत नाही.

त्या वर्षी गणपतीत, आरतीनंतर प्रसाद वाटायच्या आधी, त्यांनी आम्हा आईबापांना व्हिडिओ गेमचे प्रकार समजावून सांगितले. प्रकार चारच. गोळीचे, गाडीचे, उडीचे आणि विटांचे.

"गोळीच्या खेळाने मूल उलट बोलतं," काका म्हणाले. "गाडीच्या खेळाने जेवताना घाई करतं. उडीच्या खेळाने एका जागी बसत नाही. आणि विटांचा खेळ, त्या वरून पडणाऱ्या विटा जुळवायच्या असतात ना, तो सगळ्यात वाईट. त्याने मूल आतून बंद होतं."

उलट न बोलणारं, सावकाश जेवणारं, एका जागी बसणारं आणि तरीही गप्प नसलेलं मूल आमच्या इमारतीत एकही नव्हतं. त्यामुळे काकांचं म्हणणं झाडून सगळ्यांना पटलं. घरी आल्यावर बायको मला म्हणाली, "आपला गाडीचा आहे. बघितलंत ना कसा भराभर गिळतो."

"अगं, आपल्याकडे गेमच नाही."

"मग समोरच्यांकडे खेळत असणार."

तिने दुसऱ्याच दिवशी समोरच्यांशी बोलणं बंद केलं.

सोसायटीत असं ठरलं, की काकांनी पास केल्याशिवाय कुठलीही कॅसेट कोणी घरात लावायची नाही. आम्हाला हे फार सोयीचं वाटलं. पोराकडे लक्ष देण्याचं काम परस्पर तिऱ्हाईताकडे जात असेल तर कुठल्या बापाला नको असतं. तपासणी अर्थातच काकांच्या घरी व्हायची. एकाने आपला सेट तिथेच आणून ठेवला. काकांना बटणं दाबता येत नसत, म्हणून खेळून दाखवायला पोरं लागायची. रोज संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची.

"काका, ही पास ना?"

"हा राक्षस तोंडातून जाळ का काढतो?"

"तो बॉस आहे, काका."

"बॉस आहे म्हणून काहीही करेल? फेरतपासणी. उद्या परत लावा."

दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी एकही कॅसेट पास झाली नाही आणि एकही रिजेक्ट झाली नाही. सगळा माल फेरतपासणीत पडून होता.

याचं कारण इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण काकू होत्या. इथे राहायला आल्यावर वर्षाच्या आतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. क्वार्टरमध्ये असताना सगळ्या चाळीच्या दारांतून ज्यांच्या गप्पा चालायच्या, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. बोलणं तुटक झालं. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीला आम्ही मोसंबी घेऊन जायचो, "बरं वाटेल हां" म्हणायचो. मग तेही कमी झालं, कारण तुटक बोलणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते आम्हा शहाण्यांना सुचत नव्हतं.

पोरांना ती अडचण नव्हती. "काकू, बघा हां, आता कसा उडवतो," म्हणून त्यांच्या पायाशीच बसायची. "मेला, मेला, आता माझी लाइफ," असा गिल्ला व्हायचा आणि काकू हसायच्या. अर्धाच चेहरा हसायचा, पण हसायचा. काका टीव्हीकडे पाठ करून बसलेले असायचे आणि काकूंकडे बघत असायचे. मी ते दारातून पाहिलं आहे आणि मला ते फार आवडायचं.

मग शाळांचे निकाल लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा मुलगा गणितात गेला. तो त्याआधीच्या वर्षीही गेला होता, तेव्हा घरात गेम नव्हता. पण तेव्हा दोष द्यायला काही सापडलं नव्हतं, आता सापडलं. गच्चीवर मीटिंग बोलावण्यात आली.

"काका, तुम्हीच सांगितलं होतं, विटांच्या खेळाने मूल आतून बंद होतं," बँकवाले म्हणाले. "आमचा झालाय. विचारलं तर बोलत नाही."

नापास झालेलं मूल बापाने विचारल्यावर काय बोलणार, हे कोणी विचारलं नाही.

"आज निर्णय द्या," सेक्रेटरी म्हणाले. "रिजेक्ट म्हणालात तर सगळ्या कॅसेट उल्हासनगरला परत जातील. पास म्हणालात तर ज्याची त्याने घरी न्यावी. तुमच्याकडे रोजचा गोंधळ नको, खालच्यांचीही तक्रार आहे."

"एकदा फेरतपासणी..."

"गणपतीपासून तेच चाललंय, काका."

काही जण हसले. काका हसले नाहीत. ते काय तोलत होते हे आम्हाला दिसत होतं. काही म्हटलं तरी पोरांचं येणं बंद होणार होतं. रिजेक्ट म्हटलं तर निदान त्यांचा शब्द तरी राहणार होता. खात्यात त्यांचा एकही निकाल कधी फिरला नव्हता, हे ते ज्याला त्याला सांगत असत. गच्चीच्या दाराआड पोरं दाटीवाटीने उभी होती, त्यांच्याकडे काकांनी एकदा पाहिलं.

"सगळा लॉट पास," ते म्हणाले.

"आणि ते उलट बोलणं, घाईने जेवणं?"

"ते मी मनाचं सांगितलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही. पोरं घरी यावीत म्हणून बोलत गेलो. एवढे दिवस पाहिलं. खेळून झालं की पोरांना भूक लागते. दुसरं काही होताना मला दिसलं नाही."

सभेत अगदी निराशा पसरली. पोरं का बिघडली याचं कारण आता प्रत्येकाला घरच्या घरी शोधावं लागणार होतं. बँकवाले तर काकांनी फसवल्यासारखे उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून गोळ्यांचे आणि गाड्यांचे आवाज येऊ लागले. काकांचं घर तेवढं शांत होतं. मी मुद्दाम गेलो तर काकू मलाच विचारत होत्या, "पोरं?"

"परीक्षा आहे त्यांची," काका आतून म्हणाले.

मे महिना चालू होता. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभराने काका पिशवी घेऊन उल्हासनगरला जाऊन आले. काय आणलं ते कोणाला सांगितलं नाही. एका संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना उडीच्या खेळाचं संगीत ऐकू आलं. दार उघडं होतं. पोरं नव्हती. काकांनी आपली खुर्ची काकूंच्या खुर्चीला लावून घेतली होती आणि एकच रिमोट दोघांनी मिळून धरला होता. काकूंची उजवी बाजू गेलेली. पुढेमागे जायची बटणं डावीकडे होती, ती काकूंच्या हातात. उडीचं बटण उजवीकडे होतं, ते काकांच्या. काकू चालवायच्या, काका उडी मारायचे.

पडद्यावरचा छोटा माणूस हळूहळू खड्ड्याकडे निघाला.

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांनी उशिरा बटण दाबलं. माणूस खड्ड्यात पडला. काकू हसल्या, आणि काकांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी त्या दारात थांबलो. पहिला खड्डा त्यांनी ओलांडल्याचं मी कधी पाहिलं नाही.