म्होरकी जेवेना

“मॅडम, ही जगती का न्हाई, तेवढं सांगा. जगत न्हाई म्हनलात तर आजच नाव कमी करते.”

चेअरमनबाई माझ्या दवाखान्यात उभ्या उभ्याच बोलत होत्या. टेबलावर किराणा दुकानातून मागून आणलेला काटा होता आणि त्याच्या परातीत एक म्हातारी ससीण. तिचं नाव म्होरकी. मागच्या खेपेपेक्षा वजन आणखी उतरलं होतं. पाठीवरून हात फिरवला की एकेक मणका बोटाला लागत होता. तिची मालकीण कांताबाई भिंतीला टेकून पदराचं टोक चावत उभी होती.

मी तेव्हा वडवणी तालुक्यात पशुवैद्यक होते. लोक आम्हाला ढोरांचे डॉक्टर म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. गाई, म्हशी, बैल, शेळ्या यांच्यातच माझा जन्म गेला. ससे वाट्याला आले ते बायकांच्या एका ससेपालन सहकारी संस्थेमुळे. संस्थेनं सभासदांना ससे दिले, पिल्लांना गिऱ्हाईक बघून दिलं, आणि पाच वर्षं सगळं बरं चाललं. मग पाऊस रुसला. संस्थेच्या विहिरीत पाणी कसंबसं उरलं होतं, त्यावर लसूणघास या चाऱ्याचा एक तुकडा हिरवा होता. तो घास मोजून वाटायचा. म्हातारं किंवा खंगलेलं जनावर वाटपातून कमी करायचं, असा मीटिंगमध्ये ठराव झाला होता. कमी करायचं म्हणजे खाटकाला द्यायचं.

चेअरमनबाई दुष्ट नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. “गाभण्या माद्यांच्या तोंडचा घास काढून म्हातारीला घालू काय? तुमीच सांगा,” असं त्या म्हणाल्या. मी एवढंच म्हटलं, “येत्या बाजारापर्यंत थांबा. तपासल्याशिवाय मी कुणाच्या मरणावर सही करत नाही.”

“बरं. पण बाजाराच्या पुढं एक दिस न्हाई,” म्हणत त्या निघून गेल्या.

त्या गेल्यावर कांताबाईला कंठ फुटला. “मॅडम, घर मालकाच्या नावावर, रान सासऱ्याच्या. ही माज्या नावावरची पयली चीज हाय. संस्थेनं पयली जोडी मला दिली, त्यातली ही. हिच्या पिल्लांवर निम्मी संस्था उभी ऱ्हायली. आता हिलाच खाटकाकडं कसं धाडू?”

आजार काय तर जेवत नव्हती. म्हणजे सुरुवातीला भुकेनं भांड्याशी यायची, घास तोंडात घ्यायची आणि टाकून द्यायची. हे ऐकलं की पशुवैद्यकानं आधी दात बघायचे. सशाचे दात जन्मभर वाढतात. रोज रवंथ केल्यासारखं चावचाव चावलं तरच ते झिजतात. झिजले नाहीत तर दाढांना टोकं फुटतात आणि ती जिभेला टोचतात. म्हातारपणी हे फार होतं. सहा-सात वर्षांची ससीण म्हणजे आपल्यातली सत्तरीची बाई.

कान तपासायची बॅटरी तिच्या तोंडात घालून पाहिलं. डावीकडच्या खालच्या दाढेला टोक होतं आणि जिभेच्या कडेला जखम. मला हायसं वाटलं. आजार सापडला म्हणजे अर्धं काम झालं, असा आमचा समज असतो.

टोक घासायचं तर हत्यार हवं. दवाखान्यात दात घासायची कानस होती, पण ती घोड्यासाठी. सशापेक्षा लांब. शेवटी बसस्टँडजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडून बारीक मशीन मागून आणलं. “पेशंट कोण?” त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. मशीन उकळून परत करायच्या बोलीवर त्यांनी दिलं.

खरी भीती भुलीची होती. ससा मुळात धसक्यानं मरणारं जनावर, त्यात ही म्हातारी आणि हाडांचा सापळा. भूल जरा जास्त झाली तर दात घासलेला ससा मेलेल्या अवस्थेत परत द्यावा लागला असता. अगदी हलकं इंजेक्शन दिलं. आमच्या ड्रेसरनं तिची छाती बघत राहायचं आणि श्वास चुकला की ओरडायचं, असं ठरलं. ते मधेच दोनदा ओरडले आणि दोन्ही वेळा मी हात थांबवून पाहिलं. म्होरकीचा श्वास चालू होता. टोक गेलं. थोड्या वेळानं तिनं डोकं उचललं, तेव्हा कांताबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

“आता जेवेल,” मी ठणकावून सांगितलं.

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कांताबाईचा निरोप आला, “लेंड्या बी बंद झाल्यात.” हे वाचून कुणाला हसू येईल, पण सशाच्या लेंड्या थांबल्या की डॉक्टर हातातलं काम टाकून धावतो. सशाचं आतडं सतत चालू असावं लागतं. एक दिवस पोटात काही गेलं नाही तर ते थंडावतं, गॅस धरतं आणि जनावर हातचं जातं. मी बॅग उचलली आणि तिच्या गावाकडे गाडी मारली.

कांताबाईच्या घरी गेले तर म्होरकी समोरच्या खोलीत. एका स्वच्छ टोपलीत, खाली धुतलेलं लुगडं घातलेलं. पुढ्यात पितळी ताटली आणि ताटलीत कोवळा घास, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कुस्करलेली भाकरी, वर गुळाचा खडा. ती ताटलीकडे पाठ करून कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती.

“हिच्यासोबतच्या दोघी कुठायत?”

“परसात, पिंजऱ्यात. काळी अन् टिपकी. हिच्याच लेकी.”

“आणि ही इथं कधीपासून?”

“झाला की महिना. वजन उतराया लागलं तसं येगळं केलं. लई मान हाय मॅडम हिचा. वडीलधारं माणूस, त्येला धाकल्यांच्या ताटात कसं बसवायचं? आमच्यात तशी रीत न्हाई.” तिनं बाजेकडे मान वळवली. “आत्यांचं बी तसंच हाय बघा. त्यांचं ताट हितंच देते. पर त्या बी आताशा लई सांडून उठत्यात.”

बाजेवर कांताबाईच्या सासूबाई बसल्या होत्या. समोर ताट, ताटात अर्धी भाकरी तशीच. आत चुलीपाशी जावेची पोरं गलका करत जेवत होती. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, कांताबाईचा नवराही त्यांच्यासोबतच.

“मी ढोरांची डॉक्टर आहे,” मी म्हटलं आणि म्होरकीला मांडीवर घेतलं.

डाळ, गूळ, भाकरी आधी उचलायला लावली. सशाच्या पोटाला ते विषासारखं. कातडीखाली सलाईन दिलं. पेंड भिजवून पातळ लापशी केली आणि सुई काढलेल्या सिरिंजनं गालात थोडी थोडी सोडली. थोडी गिळली, बरीचशी माझ्या साडीवर आली. पण असं किती दिवस भरवणार? ससा एकटा असला की त्याला सारखं वाटतं, कुणीतरी झडप घालणार. चार जण आजूबाजूला खात असले की त्याचंही तोंड चालतं. दाढ दुखत होती म्हणून ती रोडावली, आणि रोडावली म्हणून मानानं तिला एकटं बसवलं. दाढेचं टोक मी काढलं. मान कसा काढायचा?

कांताबाईला वाटलं, उचलून पिंजऱ्यात ठेवलं की झालं. तिथंच मला जास्त भीती होती. महिनाभर लांब राहिलेल्या सशाला त्याचीच माणसं ओळखतीलच असं नाही. पिंजरा आता लेकींचा झाला होता. त्यांनी परकी समजून धरली असती तर पोटाची पातळ कातडी फाटायला वेळ लागला नसता. तिघींना कुणाचाच हक्क नसलेली जागा हवी होती, आणि घरात तशी जागा दिसेना.

मग परसात बैलांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद दिसला. बैल ऊसतोडीला गेले होते आणि पाणी त्याच्याही आधी गेलं होतं. हौद कोरडा ठणठणीत. त्यात गोणपाट अंथरलं, सुबाभळीचा वाळला पाला पसरला आणि तिघींना सोडलं. मी हातावर जाड टॉवेल गुंडाळून हौदात वाकून उभी राहिले.

काळी सरळ धावून आली. म्होरकीच्या पाठीवरचा केसांचा पुंजका तिच्या तोंडात आला.

“काढा मॅडम तिला! मारती ती!” कांताबाई किंचाळली.

“थांब.”

“अवो काढा!”

“थांब म्हटलं ना!” मी तिच्यावर खेकसले आणि टॉवेलचा हात दोघींच्या आणखी जवळ नेला. चुकलं असतं तर म्होरकी माझ्या डोळ्यांदेखत गेली असती आणि त्याला दुष्काळ कारण नसता. काळीनं तिला आणखी एक फेरी पळवलं. मग म्होरकी थांबली, अंग चपटं केलं आणि डोकं जमिनीला लावलं. काळी तिच्या कानाशी हुंगत राहिली. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. मला तो फार वाटला. टिपकी मागून आली, हुंगली आणि म्होरकीचं कपाळ चाटू लागली.

काळी पाला खायला वळली. टिपकी वळली. म्होरकीनं मान उचलली, त्या दोघींच्या मधे तोंड घातलं आणि एक काडी ओढली. ती काडी कुरूकुरू आत जाताना मी पाहिली आणि हौदाच्या काठावर बसून घेतलं. कांताबाई रडत होती. खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं.

अडचण संपली नव्हती. एकत्र ठेवलं की लेकी म्हातारीचा वाटाही खाणार. मग असं ठरवलं की लेकींना आधी जाड काड्या द्यायच्या, चावायला वेळ लागतो अशा. त्यांचं तोंड गुंतलं की तिथंच, त्यांच्या अंगाला अंग लावून, म्होरकीला मऊ लापशी आणि कोवळा घास. वेगळी ताटली, पण पंगत एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई दवाखान्यात हजर. पळसाच्या पानात काहीतरी बांधून आणलेलं. मला वाटलं प्रसाद असेल. उघडलं तर लेंड्या. गोल, कोरड्या, झकास. रांगेतले शेळीवाले बघत राहिले.

बाजाराच्या दिवशी चेअरमनबाई स्वतः कांताबाईच्या घरी आल्या. मीही गेले होते. काटा थोडासाच वर सरकला होता, पण सरकला होता. तिघी हौदात पाला खात होत्या.

“जगती म्हना की,” चेअरमनबाई बोलल्या.

“जगेल. पिल्लं मात्र देणार नाही.”

“मग घास कशापायी द्यायचा?”

“तुमची संस्था तिच्या पिल्लांवर उभी आहे म्हणून,” मी म्हटलं. सरकारी माणसानं असं बोलायचं नसतं. त्या कांताबाईकडे वळून म्हणाल्या, “कोवळा तेवढा हिला दे. लेकींना पाल्यावर भागव. अन् मीटिंगमधी जादा घासासाठी माज्याशी भांडू नगंस.”

म्होरकी पुढचा पावसाळा बघून गेली. हौदात पाणी आलं तेव्हा तिघींचा मुक्काम परत पिंजऱ्यात हलवला होता.

त्या बाजाराच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. आम्ही निघत होतो, कांताबाई समोरच्या खोलीत सासूचं ताट ठेवायला वाकली. सासूबाई सगळा वेळ परसाकडच्या दारातून हौदाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी ताट हातानं मागे सारलं. “कांता, माजं ताट आत ने. पोरांपाशी. गलका करत्यात तर करू दे.”

कांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला घालत होते.

एवढ्या वर्षांनी नव्या डॉक्टरांना मी इतकंच सांगते. जनावर जेवत नसेल तर आधी दात बघा, मग पोट बघा, आणि तरी सापडलं नाही तर ते कुणासोबत जेवतं ते बघा. माणसांचं मला विचारू नका. मी ढोरांची डॉक्टर.