चिमणीचं वर्तुळ

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात रस्त्यात कुणाच्याही हाकेला ओ न देणारा एकच सज्जन माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या नकाशाच्या ऑफिसातले अण्णा. गर्व वगैरे काही नव्हता. ते चालताना पावलं मोजत असत. मध्येच कुणी हाक मारून आकडा चुकवला, तर अण्णा मुकाट्यानं मागं फिरत आणि पुन्हा एकपासून मोजत येत. एका आपुलकीच्या गृहस्थापायी त्यांनी एकच रस्ता एका सकाळी चारदा मोजला. पाचव्यांदा अण्णा दिसताच तो गृहस्थच घरात शिरला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथं उमेदवारीला लागलो. गावात काय कुठं हवं, ते नकाशावरून कसं ओळखायचं, हे मला अण्णांनी शिकवलं. घर तिथं जोंधळ्याचा एक दाणा ठेवायचा. दाटी दिसली, की तिथली माणसं पाणी कुठून आणतात ते शोधायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून चिमणी आली आणि अख्खी गल्ली टिपून गेली. मी पोट धरून हसलो. अण्णा हसले नाहीत. "सोळा घरं गेली की रं," एवढंच म्हणाले, आणि टोपी घालून भर उन्हात ती गल्ली पुन्हा मोजायला गेले.

पुढं निपाणीचा नकाशा माझ्याकडे आला. तिथली बौद्ध वस्ती माझी. आई शेजारच्याच तंबाखूच्या वखारीत कामाला होती. नवा नळ एकच मिळणार होता आणि तो कुठं द्यायचा ते ठरवायचं होतं. जुन्या नळाभोवती मी कंपास फिरवला. वस्ती वर्तुळाच्या आत आली, म्हणजे तिला पाणी जवळ. नवा नळ मी दुसरीकडे दाखवला. घरच्यांची बाजू घेतली नाही, याचा मला अभिमानच वाटला.

अण्णांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "ह्ये वर्तुळ चिमणीचं हाय. माणूस काय वखारीच्या भिंतीवरनं उडून जातंय व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निपाणीला गेलो. जुन्या नळापासून वस्तीकडे मी पुढं नि अण्णा मागं, असे मोजत निघालो. वखारीला वळसा घालता घालता वाट लांबतच गेली. तेवढ्यात पुढं आई दिसली, कमरेवर भरली घागर घेऊन दम खात उभी. "कवा आलास रं?" तिनं विचारलं. माझा आकडा चुकला असता. मी मान खाली घालून तिच्या शेजारून पुढं गेलो.

वळणावर मागं पाहिलं, तर अण्णा थांबले होते. कधी कुणासाठी न थांबणारा तो माणूस आईला म्हणत होता, "आक्का, द्या हिकडं घागर."

"आमच्या घागरीला हात लावता व्हय, अण्णा?" आई घागर सोडेना.

"वझं कळल्याबिगर अंतर कसं कळंल?"

घागर खांद्यावर घेऊन अण्णा नळापाशी परत गेले आणि एकपासून मोजत आले. ओझ्यानं त्यांची पावलं आखूड पडली. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा निघाला, आणि फायलीत त्यांनी तोच लावला.

वस्तीत नळ आला, तेव्हा अण्णा निवृत्त होऊन कडोलीला गेले होते. मी पत्रानं कळवलं. उलट टपाली एका ओळीचं कार्ड आलं: "आता आक्कांना किती पावलं?" मी मोजून कळवलं, अठरा.

आज अण्णा नाहीत, आईही नाही. त्या दिवशीचा माझा आकडा एका पावलानंही चुकला नव्हता. आईला ओ द्यायची मात्र राहूनच गेली.