शेजारी कुणी नसताना

त्या वर्षी थंडी हाडात शिरणारी होती. रुग्णालयातल्या आपल्या चिमुकल्या खोलीत आल्या आल्या प्रश्नबाई काचेवरचं दव पुसायच्या आणि तीन खुर्च्या मांडायच्या. एक स्वतःला, एक रुग्णाला, एक सोबत आलेल्याला.

कॅन्सरच्या रुग्णांचं रोजचं जगणं कसं चाललंय हे विचारणारी प्रश्नावली परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणली होती. ती माणसांना कळते का, खरं उत्तर काढते का, हे तपासायचं त्यांचं काम. झोपेचा त्रास होतो का? जिना चढताना दम लागतो का? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडं, बरंच, फार. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न परत. तब्येत तशीच असेल तर उत्तरंही जुळायला हवीत.

"बाई, मागल्या खेपेला लिहून घ्यायला विसरलात होय?"

"मी कशाला विसरू? तुम्ही विसरलात का ते बघतेय!"

आणि खोली हसायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाईंच्या कानात तो हशा आहे. आणि सुतारबाबा आहेत.

पहिल्या खेपेला बाबांची बायको शेजारी होती. दुखतं? अजिबात नाही. झोपेचा त्रास? अजिबात नाही. "दगड आहे हा माणूस, दगड," काकू कौतुकानं म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला काकू औषधांच्या रांगेत होत्या. बाबांची उत्तरं: फार. फार. फार.

"मधे दुखणं वाढलं का बाबा?"

"छे. होतं तेवढंच आहे."

"मग त्या दिवशी?"

"ती बसली होती ना, पोरी. आधीच तिचं अन्नावरचं मन उडालंय. तिच्यादेखत कसं बोलू?"

रुग्णाला एकट्यालाच विचारायचं, असा नियम होता. तिसरी खुर्ची त्यांनीच आणली होती, माणुसकी म्हणून. त्यांची स्वतःची आईसुद्धा घर भरलेलं असलं की "बरी आहे गं" म्हणायची. तसंच म्हणत म्हणत गेली.

"या सुतारांची उत्तरं जुळत नाहीत, काढून टाका," ही तपासणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी चव्वेचाळीस छान जुळतात. शुक्रवारी अहवाल पाठवू."

जुळणारच. दोन्ही खेपांना शेजारी तेच माणूस होतं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत. पण मग हीच पद्धत पक्की होणार आणि पुढे कितीतरी जणांचं दुखणं 'अजिबात नाही' म्हणून कागदावर चढणार.

"मॅडम, बाबांचाच कागद खरा आहे. चव्वेचाळीस खोटे. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कळतंय का काय बोलताय? माझी दीड वर्षं गेलीत यात."

"कळतंय. मला काढायचं तर काढा. पण हे पाठवू नका."

त्या ड्रॉवर धाडकन लावून म्हणाल्या, "काढलं तर परत विचारणार कोण, मी? चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. उद्यापासून. एकेकट्याला."

एकोणचाळीस भेटले. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या, एका आजींनी तर 'फार'पेक्षा मोठं उत्तर मागितलं. उरलेले पाच विचारण्यापलीकडे गेले होते. त्यांचे जुने कागद बाईंनी गठ्ठ्यातून काढले, प्रत्येकावर 'शेजारी कुणीतरी होतं' एवढं लिहिलं आणि वेगळ्या फाइलला लावले.

मग स्टेपलरमध्ये पिना भरल्या आणि उद्याच्या नव्या रुग्णांसाठी प्रश्नावलीचे संच टाचायला घेतले.