आबाजींचा एकुलता एक शब्द

भिसेगावच्या आबाजींना देवानं डोळे दोन दिले, कान दोन दिले, पण विशेषण मात्र एकच दिलं: चिवट. सेहेचाळीस साली ते मुंबईच्या एका साप्ताहिकाचे कर्जतचे बातमीदार होते. कडावचा पैलवान हिरामण चिवट, हिवतापाची साथ चिवट, धर्मशाळेतले ढेकूण चिवट, आणि भाषण न आवरणारे पाहुणेही चिवटच. बायको इंदूबाई वैतागायची, "अहो, कुणाला तरी दुसरं काही म्हणा की!"

"जो हटत नाही, त्याला आणखी काय म्हणायचं?" आबाजी विचारायचे.

पण गंमत अशी, की हा शब्द छापून आला की न हटणारं हटायचं. ढेकूण छापले आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बाकांवर आधणाचं पाणी ओतलं. साथ ओसरली. हिरामण पुढच्याच कुस्तीत चितपट झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण हे लोकांना सांगणार कोण? आबाजी दिसले की माणसं वाट बदलायची. हिरामणची आई तर त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शेवटी संपादकांनीच दटावलं, पुन्हा 'चिवट' आलं तर तुमची बातमीदारी गेली म्हणून समजा. छापलेलं स्वतःचं नाव, एवढीच तर त्यांची दौलत.

नेमकी तेव्हाच कशेळ्याजवळच्या वाडीतली म्हातारी जनी ओट्यावर येऊन बसली. वाडीत विहीर नव्हती. बाया नदीवरून चढण चढून पाणी आणायच्या.

"आबाजी, आमच्या टंचाईला चिवट लिव रं."

"भीषण लिहितो, मावशी. भयंकर लिहितो."

"तेनं काय व्हतंय? ढेकणाला लिवलंस, मंग आमाला का नाय?"

जनी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही दिवशी आली. तिनं इंदूबाईचे तांदूळ निवडले, ओटा सारवला, आबाजींचं धोतरसुद्धा वाळत घातलं. हिला सोडून आपण बाकीच्यांना उगाच चिवट म्हटलं, असं आबाजींना वाटू लागलं. तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून त्यांना भरून आलं, आणि त्यांनी डोळे मिटून तो शब्द लिहून टाकला.

बातमी आली. खाली संपादकांची ओळ होती: 'आमच्या चिवट बातमीदारांची ही अखेरची बातमी.'

"शेवटी माझ्यावरही चालला गं तो शब्द," आबाजी इंदूबाईला म्हणाले आणि न जेवताच झोपले.

तिकडे बातमी वाचून सरकारी माणसं वाडीवर आली, विहीर खणायला लागली. पंधरवडा गेला नाही तोच जनी पुन्हा ओट्यावर हजर.

"खाली काळा खडक लागलाय. हटत नाय. लिव."

"मावशी, मला काढून टाकलंय. आता कुठं छापू?"

"तुला काढलं. तुजा हात तर नाय ना काढला?"

आबाजी उठले, वाडीवर गेले. सगळ्यांच्या देखत धोतर खोचून, दोराला लटकत विहिरीत उतरले आणि खडकावर चुन्यानं ठसठशीत लिहिलं: चिवट. दुसऱ्या दिवशी खणणाऱ्यांनी नेमक्या त्या अक्षरांवर पहार घातली, आणि खालून पाणी उसळलं.

पहिली कळशी जनीनं डोक्यावरून थेट भिसेगावात आणून आबाजींच्या ओट्यावर ठेवली.

"मला नाय वाचाया येत," ती म्हणाली, "पर त्या खडकाला येत व्हतं बघ."