तीन विसा दहाची आक्का

रस्त्यात कुणी भेटलं की माणसं खुशाली विचारतात. नाडीआक्का आधी मनगट धरायची. मग ते पाटलांचं असो, एसटीच्या कंडक्टरचं असो, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांचं. "लई पळतीय. घाबरलाय व्हय, सायेब?" असं तिने विचारलं, तेव्हा साहेब खरोखरच घाबरले होते.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस मी मुळशी खोऱ्यातल्या त्या गावात मास्तर होतो. त्याआधी आक्का भातलावणी करताना, पाणी भरताना अचानक कोसळायची. देवीचा भगत हरिबा सांगायचा, आक्काच्या अंगात येतं. लोक चिखलात पडलेल्या आक्काच्या पाया पडायचे. शुद्धीवर येऊन ती ओरडायची, "पाया काय पडताय, आदी उठवा मला!" शेवटी मुंबईत डबे पोचवणाऱ्या तिच्या मुलाने तिला तिकडच्या इस्पितळात नेलं. हृदयाचे ठोके मिनिटाला तीस निघाले. डॉक्टरांनी हृदयाला तार जोडली आणि पोटाच्या कातडीखाली साबणाच्या वडीएवढी डबी बसवली. तेव्हाच्या त्या यंत्राचे ठोके ठरलेले, मिनिटाला सत्तर. बसलं तरी सत्तर, डोंगर चढलं तरी सत्तर.

रोज नाडी मोजा, ठोके कमी झाले तर तडक या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आक्काला आकडे विसापर्यंतच येत. वीस झाले की ती एक बोट मुडपायची. गावात सेकंदकाटा फक्त माझ्या घड्याळाला. रोज सकाळी ती शाळेच्या ओट्यावर बसायची. मी "सुरू" म्हणायचो, मग "झालं". "तीन इसा धा," ती थाटात जाहीर करायची.

हरिबाचं मात्र बिनसलं होतं. आक्काने अंगात यंत्र घेतलं, देवीला घालवलं, असं तो घरोघर सांगायचा. देवळाच्या पायरीवर कुणी तिला जागा देईना. "पडत व्हते तवा पाया पडले, आता उबी हाय तर त्वांड फिरवत्यात," एकदा ती मला म्हणाली आणि रडली. मला गावाचा भयंकर राग आला.

चैत्रातल्या यात्रेत भर दुपारी हरिबाच पालखीपुढे कोसळला. लोकांनी हात जोडले. मीही जोडले, मास्तर असून! आक्का गर्दीत घुसली, खाली बसली, त्याचं मनगट धरलं. "गुर्जी, घड्याळ!" मी धावलो. मिनिट संपलं.

"दीड इसा! ह्यो माजाच आजार हाय. उचला, पाटलांच्या जीपमदी घाला!"

कुणी हलेना. देवीच्या माणसाला हात कोण लावणार?

"मला देवीनं उगाच वाचवलं व्हय रं?" आक्का कडाडली आणि तिनेच हरिबाच्या काखांत हात घातले. मग चौघे पुढे आले. हरिबा जीपमधून पुण्याला गेला, तिथून मुंबईला.

दोन महिन्यांनी तो परतला, तो थेट शाळेच्या ओट्यावर. आक्काने सरकून जागा केली. मी घड्याळ धरलं.

"तीन इसा धा," दोघं एकदम म्हणाली. त्या दिवशी मी शाळेला सुट्टी देऊन टाकली. पुढच्या यात्रेत आक्का देवळाच्या पहिल्या पायरीवर बसली होती आणि मनगट दाखवायला रांग लागली होती.

माझी बदली झाली तेव्हा घड्याळ मी आक्काला दिलं. सेकंदकाटा बघायला ती कधीच शिकली होती. तिने माझं मनगट धरलं. "पाच इसा! येवडं काय झालं, गुर्जी?" मी डोळे पुसले. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझी बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. तिथे तेच ठोके, तितकेच, रोजच्यासारखे.

"त्याला काय कळतंय," आक्का म्हणाली, "पर मला लई वाईट वाटतंय, गुर्जी."