घंटाघर, करकोचा आणि जांभळा शिक्का

जर्मनीत लुडविग्सहाफेनला आमच्या खालच्या मजल्यावर एक स्पॅनिश आजी राहायच्या. तरुणपणी कारखान्यात कामाला म्हणून आल्या आणि राहूनच गेल्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या गावची जत्रा असे, तो आठवडाभर त्या बाल्कनीला झेंडा बांधत. देशाचा नव्हे, गावचा. अर्धा हिरवा, अर्धा पांढरा, मधोमध गावचं मानचिन्ह: सोनेरी घंटाघर, त्यावर एका पायावर उभा करकोचा, खाली नदीच्या दोन निळ्या लाटा आणि सगळ्यांच्या वर मुकुट. गाव केवढं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आपल्या बिल्डिंगमध्ये जास्त माणसं असतील. एवढ्याशा गावाला मुकुट कशाला हवा, असं मी नवऱ्याला दर ऑगस्टमध्ये ऐकवायची.

खरं दुखणं वेगळं होतं. आमची आठ वर्षांची लेक शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची आणि मी ऑफिसातून येईपर्यंत तिथेच असायची. त्यांना ती ‘ओमा’, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणायची. मी मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देणारी ही मुलगी त्यांच्याकडे हौसेने स्पॅनिश आकडे शिकली होती. खोटं कशाला सांगू, मी जळत होते. पण पोरीला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर उघड जळता येत नाही, म्हणून मी झेंड्यावर जळायची.

त्या वर्षी शाळा सुरू होताच बाईंनी मुलांना सांगितलं, आपापल्या घराण्याच्या गावचं ‘वाप्पन’, म्हणजे मानचिन्ह, काढून आणा. चार आठवड्यांची मुदत. संध्याकाळी पाहते तर जेवणाच्या टेबलावर करकोचा रंगत होता.

“अगं, ते ओमाचं गाव. तू तिथली नाहीस,” मी म्हटलं.

तिने मान वर न करता जर्मनमध्ये विचारलं, “मग मी कुठली?”

“आपल्या गावची.”

“त्याचं वाप्पन कसं आहे?”

नवऱ्याने आमटीत लक्ष घातलं. गाव खरं तर त्याचं. मी लग्नानंतर चारदा गेले असेन, लेक दोनदा, आणि त्यातलं एकदा पोट बिघडून सगळा वेळ आतल्या खोलीतच. पण पोरीने परक्या गावचा करकोचा आपला म्हणून वर्गात लावायचा, हे मला सोसवेना. कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून मी गावी सासऱ्यांना फोन लावला. सांगितलं, बाबा, इथल्या शाळेला आपल्या गावची काहीतरी खूण हवी आहे. ते म्हणाले, म्हणजे पुरावा का? कार्डावरची मिनिटं संपत आली होती. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

दरम्यान मी हेरगिरीला खाली गेले. हा झेंडा किती शतकांचा, असं अगदी सहज विचारलं. आजी हसायला लागल्या. शतकं कसली, दहा वर्षंही झाली नसतील. आधी गावाला काहीच नव्हतं. मग एकदा ठरलं की आपल्यालाही हवं. घंटाघर घ्यायचं की बदामाचं झाड, यावरून त्यांचा भाऊ आणि चुलतभाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मी जिना चढले ती जवळजवळ गुणगुणत. माझा प्रेशर कुकर त्या झेंड्याहून जुना होता.

तीन आठवड्यांनी रजिस्टर्ड पाकीट आलं. उघडते तर आत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. ‘दाखला देण्यात येतो की, कुमारी अमुक अमुक ही या गावची कायमची रहिवासी असून तिची वर्तणूक चांगली आहे.’ खाली सरपंचांची सही आणि जांभळा गोल शिक्का, एका बाजूने जरा फराटलेला. बाबांचंही काय चुकलं? आपल्याकडे शाळेने गाव विचारलं की दाखलाच लागतो.

मला रडावं की हसावं कळेना. लेकीने मात्र तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, मराठीतूनच. ‘कायमची’ म्हणजे काय, तेही विचारलं. मग करकोच्याचा कागद बाजूला सारून जांभळ्या रंगाने तो शिक्का काढला, फराट्यासकट. वर्गात तोच लागला.

दाखला ती अर्थातच आधी ओमाला दाखवायला घेऊन गेली. मी मागोमाग. आजींनी चष्मा लावला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, काय लिहिलंय ते तिच्याकडून ऐकलं.

“माझ्याकडे असा कागद नाही,” त्या म्हणाल्या. जर्मनीत आल्यावर गावाने त्यांचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं होतं. “आणि झेंडा काय, दुकानात कुणालाही मिळतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ताबडतोब ओळखलं. माझा त्यातला अभ्यास दांडगा. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण आधी पोटात कसं गार गार वाटलं.

ते सुख फायलीपर्यंत टिकलं. दाखला आत ठेवताना नीट पाहिलं: लेकीचं नाव, तिच्या बापाचं नाव, आडनाव. या सगळ्या उपद्व्यापात धावलेल्या बाईचं कुठे नाव नाही. आठ वर्षांची पोरगी कायमची रहिवासी, ओमाकडे निदान झेंडा, आणि मी?

रविवारी नवं कार्ड आणलं. बाबांना म्हटलं, तसाच एक दाखला माझ्याही नावाचा मिळेल का?



“सूनबाई,” बाबा म्हणाले, “तुला आता कुठल्या शाळेत घालायचंय?”